खापरपणजीचं माहेर

प्रिय सई,

शाळेसाठी वंशवृक्ष काढताना तू विचारलंस, की तुझ्या वर्गातल्या मैत्रिणीला तिच्या खापरपणजीचं लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर आयतं मिळालं, मग आपल्या झाडात पार्वतीबाईंच्या चौकोनात नुसतं नवऱ्याचं नाव का? त्या मुळात कुठल्या, कुणाच्या? तोंडी सांगायला लागले की तू मध्येच दहा फाटे फोडतेस, म्हणून लिहूनच देते. शनिवारच्या मराठी शाळेचा तेवढाच उपयोग.

तुझ्या मैत्रिणीचं नशीब चांगलं, कारण तिची माणसं इथलीच. इथे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 1853 पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद आहे, आणि त्यात आईचं माहेरचं आडनाव लिहायची पद्धत आहे. आपल्याकडे गावोगावचे जुने कागद मुख्यतः जमिनीचे. शेत कुणाचं, सारा कोण भरणार, एवढंच सरकारला हवं असायचं. बाई त्यात आलीच तर कुणाची तरी बायको किंवा कुणाची तरी विधवा म्हणून यायची. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ दिसलं तर पुढे बापाचं नाव समजायचं. बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ दिसलं तर नवऱ्याचं.

त्यातून लग्नात नावही बदलायचं. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो, ते तू मामाच्या लग्नात पाहिलंस आणि ‘मस्त!’ म्हणालीस. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. महर्षी कर्व्यांशी 1893 मध्ये पुनर्विवाह झाला तेव्हा गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. ही मोठी माणसं, त्यांच्याबद्दल इतरांनी लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला माहीत. पार्वतीबाईंबद्दल कोण लिहिणार? त्या माहेरीही पार्वतीच होत्या की दुसरंच काही, ते आपण धरून चालायचं नाही.

म्हणून मी त्यांचं नाव शोधतच नाही, त्यांच्या भावाचं शोधते. भाऊ गावातच राहिला, जमीन त्याच्या नावावर चढली, सारा त्याने भरला. कागदात तो सापडतो, आणि त्याला धरून बहिणीपर्यंत जाता येतं.

भावाकडे जायची वाट ‘आजोळ’ या एका प्रश्नातून जाते. तू आजोबांना फोनवर ‘त्यांचं मेडन नेम काय?’ विचारलंस आणि ते गप्प बसले. त्यांना आठवत नव्हतं असं नाही, तसं कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, ‘दादा, तुमच्या वडिलांचं आजोळ कुठलं?’ लगेच उत्तर आलं, ‘रहिमतपूर. धोंडीमामा. वडील सारखं नाव काढायचे. सुगी झाली की बैलगाडीनं जायचे म्हणे.’ पार्वतीबाईंचं माहेर म्हणजे त्यांच्या मुलाचं आजोळ. बायकांची नावं विसरणारी घरंसुद्धा मामाचं गाव विसरत नाहीत.

मग मी माळ्यावरची भांडी काढायला लावली. तुला वाटलं, आईचं डोकं फिरलं! पण लग्नात आहेर म्हणून दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत होती, अजूनही आहे. पूर्वी कासार छिन्नीने ठोकून द्यायचा. तुझ्या नानाआजोबांनी, म्हणजे आजोबांच्या चुलतभावाने, व्हिडिओवर एक पितळी घागर धरली. काठाखाली बोटभर पट्टीत ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. इतकी वर्षं चिंच आणि राख लावून घासल्याने अर्धी झिजलेली. नानाआजोबांनी त्यावर ओल्या बोटाने थोडा गेरू चोळला आणि वरचा पुसून काढला. ठिपक्यांत लाल रंग राहिला आणि वाचता आलं: ‘धोंडीबा बिन बाळा, रा. रहिमतपूर’. पुढे तारीख असावी, ती पार गेली. आजोबांच्या वडिलांच्या लग्नात मामाने दिलेली घागर ती. भावाचं नाव, बापाचं नाव आणि गाव, तिन्ही एका ओळीत. आडनाव मात्र नाही. गावात सगळे एकमेकांना ओळखत असताना कासाराला आणखी दोन-तीन अक्षरांचे पैसे कोण देणार?

आडनाव कसं मिळालं ते ऐक. आपल्या साताऱ्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. इथे हे सांगितलं की लोक डोळे मोठे करतात, तू शाळेत सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण शोधणाऱ्याला ही रीत फार उपयोगी पडते, कारण एकाच माहेरची मुलगी पुन्हा त्याच घरात सून म्हणून येते. आजोबांना दोन-चार सुनांची माहेरं विचारत होते, तर मध्येच म्हणाले, ‘अगं, अंजनाकाकू धोंडीमामाचीच की!’ म्हणजे पार्वतीबाईंनी धाकट्या मुलाला आपल्या भावाची मुलगी करून आणली होती. त्याच अंजनाकाकू या नानाआजोबांच्या आई. त्यांचं माहेरचं आडनाव सगळ्यांना पाठ: माने.

तोंडी माहिती पुरेशी होती, पण मला कागद हवा होता. नानाआजोबांनी रहिमतपूरच्या मामेभावांकडून जुन्या फेरफाराची नक्कल मागवली. फेरफार म्हणजे जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की तलाठी जी नोंद करतो ती. 1956 मध्ये हिंदू वारसा कायदा आला, आणि बापाच्या पश्चात त्याच्या वाट्यात मुलीही वारस धरल्या जाऊ लागल्या. धोंडीबा वारले ते त्यानंतर. म्हणून त्या नोंदीत मुलांच्या खाली ‘मुलगी अंजना भ्रतार’ आणि पुढे आपल्या घरातलं नाव आहे. माहेर आणि सासर एकाच कागदावर मला तिथे पहिल्यांदा दिसलं. धोंडीबांच्या बापाचं नाव बाळा. घागरीशी जुळलं.

त्याच्याच पुढचा फेरफार वाचून मात्र मला राग आला. मुलींनी भावांच्या लाभात हक्क सोडला, असं दोन ओळींत लिहिलं आहे आणि खाली अंगठे आहेत. बहिणीने हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, अशी भीती घालायची, नाहीतर साडीचोळी करून गोड बोलायचं. आजही बऱ्याच घरांत हेच चालतं. कायद्याने बहिणींना विचारणं भाग पडलं, म्हणून निदान त्यांची नावं लिहिली गेली. पार्वतीबाईंच्या वेळी तेवढंही नव्हतं. त्यांचे वडील बाळा 1956 च्या बरेच आधी गेले, त्यामुळे वारसांत मुलगे तेवढे आहेत.

मग पार्वतीबाईंचा जन्म? त्यासाठी गावची जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं आहेत. गाव नमुना 14 म्हणतात त्याला, आणि लोक कोतवाल बुक म्हणतात. 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर सरकारने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. कुणबी नोंदी शोधायला तालुक्यातालुक्यातले हे गठ्ठे बाहेर निघाले, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पुष्कळ घरांना आपले पणजोबा त्यात सापडले. पणजी सापडणं अवघड, कारण नोंद बापाच्या नावाने असते आणि मुलीच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरीच असते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिला लोंबकळत अक्षरं लिहीत जातात. विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. तुझं शुद्धलेखन तिथे खपून जाईल. बाळा मान्यांना मुलगी झाल्याच्या एकाहून जास्त नोंदी मिळाल्या, तर त्यातली आपली कोणती ते नुसत्या तारखेवरून कळणार नाही. पण किती बहिणी होत्या, एवढं तरी कळेल. ते रजिस्टर अजून पाहायचं आहे.

आणखी एक जागा राहिली आहे, नाशिकची. रामकुंडावर तीर्थोपाध्यांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते आपल्या घराची वही काढतात. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या, ते त्यात लिहिलेलं असतं. आपण आपल्या घराची वही पाहत बसायचं नाही, मान्यांची मागायची. बाळा मान्यांच्या अस्थी घेऊन धोंडीबा गेले असतील तर तिथे त्यांची सही किंवा अंगठा असेल. ज्यांचे कुळवृत्तांत छापलेले आहेत त्यांना एवढी पायपीट नसते, त्यात बरेचदा सुनेच्या बापाचं नावही असतं. आपल्या घराचा तसा ग्रंथ नाही.

तुझा प्रोजेक्ट शुक्रवारी द्यायचा आहे, तेव्हा चौकोनात सध्या एवढं लिही: ‘पार्वतीबाई. माहेर माने, रहिमतपूर, जिल्हा सातारा. वडील बाळा, भाऊ धोंडीबा.’ माहेरच्या नावाची जागा रिकामी ठेव, पेन्सिलने. आणि अंजनाकाकूंकडून एक रेघ उलटी धोंडीबांपर्यंत ने. बाईंनी विचारलं तर सांग की रेघ चुकलेली नाही. तुझ्या स्वतःच्या चौकोनात माझंही नाव घाल. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम केला आहे. तू त्याआधीची असलीस तरी मला चालेल.

रविवारी आजोबांशी बोलशील तेव्हा आजीच्या आईचं आजोळही विचार. ती बाजू मी अजून सुरूही केलेली नाही, आणि तिकडची भांडी मोडीत घालायच्या आधी बघायला हवीत.

तुझी,
आई