बॉस न झालेल्या तपासणीच्या रिपोर्टवर मागची तारीख टाकून सही करायला सांगतोय, काय करू?

सही करू नका, बाकीचं नंतर. तपासणी झालीच नाही आणि कागदावर झाली म्हणून लिहायचं, मग उद्या काही वाकडं झालं की नाव तुमचंच निघणार, बॉसचं नाही, तोंडी सांगितलेलं तर कुणालाच आठवत नसतं. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी भांडत बसलो नाही, सरळ मेल टाकला, "तपासणी झालेली नाही तरी रिपोर्टवर १२ तारीख टाकून सही करायची, असंच ना सर?" उत्तर आलंच नाही, विषय बारगळला. दरवेळी असं सुटतंच असं नाही हां. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उडायच्या आदल्या रात्री त्याचे बूस्टर, म्हणजे यान वर ढकलणारे रॉकेट, बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी सील दगा देईल, मॅनेजरांनी ऐकलं नाही, ७३ सेकंदांत यान फुटलं, ७ जण गेले. तेव्हा बॉस अडूनच बसला तर वरच्या साहेबांकडे किंवा कंप्लायन्सकडे, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाकडे जा, तारीखवार टिपण घेऊन. आणि ऑफिसच्या फायली घरच्या मेलवर पाठवू नका, तेच उलटं तुमच्या अंगाशी येतं.