वाचकांचे प्रश्न: काउंट बेसीच्या जुन्या रेकॉर्ड्स, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि बँडप्रमुख काउंट बेसीचं नाव सगळीकडे वाचून त्याच्या १९३७ ते ३९ मधल्या डेक्का कंपनीच्या रेकॉर्ड्स लावल्या. पहिली चार गाणी ऐकून निराशाच झाली, बँड बेसूर वाटतो. आणि बिली हॉलिडे या बँडमध्ये गायची म्हणतात, मग ती एकाही रेकॉर्डवर कशी नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर: तुमचे कान अगदी बरोबर सांगतायत. ती चार गाणी २१ जानेवारी १९३७ ची, न्यूयॉर्कमधली. हा बँड मुळात कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमधला, नऊ जणांचा, तिथून रेडिओवर कार्यक्रम लागायचा आणि संगीत समीक्षक व रेकॉर्ड निर्माता जॉन हॅमंडने तो शिकागोत गाडीच्या रेडिओवर ऐकला, मग बेसीला न्यूयॉर्कला नेण्यासाठी तो झटला. तिथल्या मोठ्या बॉलरूमसाठी माणसं वाढवावी लागली आणि नवी-जुनी मंडळी एकमेकांत मुरायच्या आतच स्टुडिओत उभी राहिली. त्यात यांचं बरंचसं संगीत कागदावर नव्हतंच. एकाने छोटी ओळ वाजवायची, बाकीच्यांनी ती उचलायची, असं रात्र रात्र वाजवून पाठ झालेलं, त्यामुळे नव्या माणसाला वाचायला द्यायला कागदच नाही. मेट्रोनोम मासिकाच्या समीक्षकानेही तेव्हा बेसूरपणावरून झोडपलं होतं.

म्हणून मी सांगेन की डेक्का बाजूला ठेवा आणि आधी १९३६ चं शिकागोतलं रेकॉर्डिंग ऐका. लेबलवर नाव 'जोन्स-स्मिथ इन्कॉर्पोरेटेड', कारण बेसी डेक्काच्या करारात आधीच अडकला होता, त्यामुळे व्होकॅलियन कंपनीला त्याचं नाव लावता येईना, मग ड्रमर जो जोन्स आणि ट्रम्पेटवाला कार्ल स्मिथ यांची आडनावं जोडून दिली. वादक पाचच, आणि दोन गाण्यांना जिमी रशिंगचा आवाज. लेस्टर यंगचं हे आयुष्यातलं पहिलं रेकॉर्डिंग! 'लेडी बी गुड' लावा. आधी बेसीचा पियानो, मग लेस्टरचा टेनर सॅक्सोफोन, ३२ मात्राखंडांची (चार-चार मात्रांचा एक खंड) दोन आवर्तनं, कुठेही धाप नाही, जोर नाही, एक वाक्य संपता संपता दुसरं सुरू. त्या काळी टेनर म्हटलं की कोलमन हॉकिन्सचा जाड, घुमणारा आवाज, आणि इथे हा हलका, सरळ, जवळजवळ कंपन नसलेला स्वर. नंतरच्या कितीतरी वादकांनी हा सोलो जसाच्या तसा पाठ केला.

दुसऱ्यांदा ऐकताना लेस्टरला सोडा आणि खालचा ठेका ऐका. स्टुडिओ एवढा छोटा होता की बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ढोल, वापरताच आला नाही, जो जोन्सने सगळं काम स्नेअर (छोटा, कडक आवाजाचा ड्रम) आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) यांवर भागवलं, आणि त्यामुळे एक गोष्ट लख्ख दिसते. लय ड्रमच्या ठोक्यावर उभी नाहीये, ती हाय-हॅटच्या झांजांवर सरकतेय आणि वॉल्टर पेजचा बास चारी मात्रांवर चालत तिला पुढे नेतोय. बेसी डाव्या हाताने फार कमी वाजवतो, कारण तिथे पेज आहेच. मार्च १९३७ पासून यात फ्रेडी ग्रीनचा गिटार आला, तोही चारी मात्रांवर, हळू आवाजात आणि न चुकता, आणि पुढे जवळपास ५० वर्षं तो या बँडमध्ये राहिला. माझ्या मते पितळी वाद्यांचा धडाका दुय्यम आहे, बेसीचा खरा बँड म्हणजे ही चौकडी.

हे कानात बसलं की मग ७ जुलै १९३७ चं 'वन ओ'क्लॉक जंप' लावा. साधा ब्लूज, म्हणजे बारा मात्राखंडांचं एकच चक्र फिरून फिरून. पियानो संपतो, पट्टी बदलते आणि हर्शल इव्हान्सचा टेनर येतो, भरदार. ट्रॉम्बोननंतर लेस्टरचा, कोरडा आणि हलका. एकच वाद्य, एकच बँड आणि स्वभाव पूर्ण वेगळे! मग बक क्लेटनचा ट्रम्पेट, नंतर पियानोपाशी सगळं शांत आणि शेवटी पूर्ण बँड एकच ओळ परत परत. तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन मिनिटं मावायची, क्लबमध्ये हीच चीज कितीतरी लांबायची, म्हणून पियानो सोडून प्रत्येकाला एकेकच आवर्तन. जानेवारीनंतर सहा महिन्यांत बँड कुठे पोचला ते इथे कळतं. आणि या सगळ्याचे पैसे? डेक्काचा करार २४ बाजूंना ७५० डॉलर, रॉयल्टी शून्य. हॅमंडने वादकांच्या युनियनकडे धाव घेऊन मजुरी वाढवून घेतली पण रॉयल्टी नाहीच मिळाली, हा सरळ अन्याय होता आणि मला तो आजही खुपतो.

बिली हॉलिडेचं कारणही कागदपत्रांचंच. १९३७ मध्ये ती या बँडबरोबर गात होती पण तिचा करार दुसऱ्या कंपनीशी, त्यामुळे डेक्काच्या स्टुडिओत जाता येईना. उरलीत ती रेडिओवरून टिपलेली मोजकी गाणी. त्यातली दोन जून १९३७ ची, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या सॅव्हॉय बॉलरूममधली, त्यातलं 'स्विंग ब्रदर स्विंग' नक्की शोधा, आवाज खराब आहे तरी शोधा.

आवाजावरून आठवलं, एकाच रेकॉर्डिंगच्या दोन-तीन आवृत्त्या मिळाल्या तर अगदी स्वच्छ केलेली घेऊ नका, जरा खरखर असलेली घ्या. खरखर फार पुसली की वरचे सूरही पुसले जातात आणि सगळ्यात आधी गायब होतो तो जो जोन्सचा हाय-हॅट.