गायगर काउंटर, सिंटिलेशन डिटेक्टर आणि टीएलडी बॅज

चेंबूरच्या घरासाठी गायगर काउंटर घेतल्यास किरणोत्सर्गाचे सगळे मोजमाप होईल का आणि बाकीची उपकरणे त्याहून वेगळी कशी, असे आपण विचारले आहे. मी मुंबईतील एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात (जिथे किरणोत्सर्गी औषधांनी तपासणी आणि उपचार होतात) किरणोत्सर्ग सुरक्षेचे काम पाहतो. एका उपकरणात सगळे मोजमाप होत नाही, कारण प्रत्येकाची घडणच वेगळ्या कामासाठी झालेली असते.

गायगर काउंटरच्या नळीत कमी दाबाचा निष्क्रिय वायू असतो आणि तिच्या मधोमध असलेल्या तारेला काही शे व्होल्टचा दाब दिलेला असतो. किरणामुळे सुटा झालेला इलेक्ट्रॉन तारेकडे धावताना वाटेतल्या अणूंमधून आणखी इलेक्ट्रॉन मोकळे करतो आणि क्षणार्धात त्यांचा लोंढा होऊन विजेचा एक स्पंद उमटतो. किरण दुबळा असो वा जोरकस, स्पंद तेवढाच असतो. त्यामुळे किरणांची संख्या कळते, त्यांची ऊर्जा कळत नाही. शिवाय प्रत्येक स्पंदानंतर नळी साधारण 100 मायक्रोसेकंद बधिर राहते. स्रोत फार प्रखर असेल तर ती बधिरतेतून बाहेरच येत नाही आणि काही मीटरचा काटा चक्क शून्याकडे घसरतो. ते शून्य जिवावर बेतू शकते, म्हणून मीटर लांबूनच सुरू करून वाचन पाहत पुढे जायचे असते आणि तीव्र क्षेत्रात आयनीकरण कक्ष, म्हणजे एकेक किरण न मोजता वायूतून वाहणारा एकूण विद्युतप्रवाह मोजणारे उपकरण, वापरायचा असतो.

सिंटिलेशन डिटेक्टरमध्ये थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा स्फटिक किरण शोषून प्रकाशाची चमक देतो आणि फोटोमल्टिप्लायर ही प्रकाश टिपणारी नळी तिचे विजेच्या स्पंदात रूपांतर करतो. चमक किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात असल्यामुळे औषधांत वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सर्गी टेक्नेशियम-99एमचे 140 आणि आयोडीन-131चे 364 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे किरणाच्या ऊर्जेचे एकक) शिखर पडद्यावरच्या आलेखात वेगवेगळे दिसते. जमिनीवर सांडलेले औषध नेमके कोणते, हे आम्हाला त्यावरूनच ठरवता येते. याहून बारीक भेद करायचा तर जर्मेनियमचा डिटेक्टर लागतो. तो मात्र द्रव नायट्रोजनने किंवा विजेच्या शीतकाने अतिशय थंड ठेवावा लागतो.

आमच्या छातीवरचा टीएलडी (थर्मोल्युमिनेसंट डोसिमीटर, म्हणजे तापवल्यावर प्रकाश देणारा डोसमापक) बॅज तत्काळ काहीच सांगत नाही. त्यातल्या डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या ऊर्जा साठवत राहतात आणि नंतर प्रयोगशाळेत तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून त्या काळातला एकूण डोस, म्हणजे शरीराला मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा, काढतात.

घरासाठी मीटर घ्यायचाच असेल, तर अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी पाहा, कारण साध्या नळीच्या भिंतीतून अल्फा कण (किरणोत्सर्गाचा सहज अडणारा प्रकार) आत शिरत नाहीत. मायक्रोसिव्हर्टचा (डोसच्या एककाचा) आकडा मात्र अंदाजच समजा. असे मीटर बहुधा सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाच्या 662 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांवर जुळवलेले असतात आणि इतर ऊर्जांना तो आकडा बराच चुकू शकतो.