साळुंकी, मुंगूस आणि मॉरिशसचं उरलंसुरलं रान

गेल्या महिन्याच्या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले: मॉरिशसमध्ये जंगल राखण्याचा कायदा 1769 पासून आहे, आणि चांगल्या स्थितीतलं मूळ रान मात्र आता 2 टक्क्यांहूनही कमी उरलंय. त्या वाक्यावर आलेल्या पत्रांनी टेबल भरलं. माझी मावसबहीण लग्न होऊन तिकडे वाक्वाला गेली, त्यामुळे माझं येणंजाणं आहे. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उभी नोकरी गेल्यामुळे तिकडे गेले तरी समुद्राआधी झाडंच पाहते. तेव्हा यावेळचं सदर मॉरिशसलाच देते.

बाई, अडीचशे वर्षांचा कायदा आणि रान 2 टक्के? तिथले रखवालदार झोपा काढत होते काय? आमच्या बीटात चार गुरं शिरली तरी मला मेमो यायचा. (एक निवृत्त वनरक्षक, आंबोली)

झोपा काढत नव्हते हो. उलट त्या काळाच्या मानाने कायदा फारच शहाणा होता.

डच तिथे 1598 मध्ये उतरले, 1638 मध्ये वस्तीला आले आणि 1710 मध्ये बेट सोडून गेले. तेवढ्यात त्यांनी आबनूस (आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड) बेसुमार तोडला. ऊस त्यांनीच आणला, जावा बेटावरची हरणंही त्यांनीच. मग फ्रेंच आले. 1767 ते 1772 मध्ये तिथला कारभार पाहणाऱ्या पिएर प्वाव्रचं ठाम मत होतं, की झाडं गेली की पाऊस जातो. त्याच्या 1769 च्या नियमानुसार प्रत्येक जमीनधारकाने चौथा हिस्सा झाडोऱ्याखाली ठेवायचा होता, त्यातही डोंगरउतारावर. ओढ्यानद्यांच्या 200 यार्डांत झाड तोडायचं नव्हतं आणि उजाड केलेली जागा पुन्हा लावायची होती.

पण साखरेपुढे ही चौथाई टिकली नाही. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं आणि 1825 मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची ब्रिटनमधली जादा जकात उठली. मग जो तो रान तोडून ऊस लावायला लागला. 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. पुढच्या काळात मिळून ते साडेचार लाखांच्या आसपास होते. त्यात मुंबई बंदरातून चढलेले रत्नागिरी, सावंतवाडी, साताऱ्याकडचे आपले लोकही होते. आजही उसाच्या फडांमध्ये काळ्या दगडांचे माणसाहून उंच ढीग दिसतात. ज्वालामुखीच्या त्या जमिनीतून आधी गुलामांनी आणि मग या मजुरांनी हातांनी वेचलेले ते दगड आहेत. पर्यावरणाचा इतिहास सांगताना 'जंगलतोड झाली' एवढ्यावर लोक थांबतात. तोडणाऱ्याच्या हातात कोयता कोणी आणि कशापायी दिला, हेही सांगायला हवं.

1866 ते 1868 मध्ये हिवतापाची साथ आली. चाळीस हजारांहून जास्त माणसं गेली आणि पोर्ट लुईमधले ऐपतीचे लोक वर क्युरपीपच्या थंड पठारावर राहायला पळाले. ओढे आटले होते, डबकी साचत होती. तेव्हा सरकारला प्वाव्र आठवला. डोंगरमाथे आणि नदीकाठ राखीव झाले, 1880 च्या दशकात सरकार जमिनी परत विकत घेऊ लागलं. नदीकाठाची राखीव पट्टी तिथे आजही कायद्यात आहे: मोठ्या नदीला 16 मीटर, लहान नदीला 8, ओहोळाला 3. पुढे 1993 मध्ये वन्यजीव आणि राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि 1994 मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान, 6,574 हेक्टरचं. मधल्या काळाबद्दल न बोललेलं बरं. 1970 च्या दशकातसुद्धा लॅ मार भागातलं ठेंगणं मूळ रान साफ करून तिथे पाइन लावले गेले, आणि त्याला नाव वनविकासाचं होतं.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते. उद्यानाच्या हद्दीत आज कोणी कुऱ्हाड घेऊन शिरत नाही. तरी रान मरतंय, कारण आत चिनी पेरू शिरलाय. नाव चिनी, मूळचा ब्राझीलचा. बोराएवढी लालबुंद फळं येतात. हंगामात अख्खी कुटुंबं टोपल्या घेऊन रानात जातात. माझ्या बहिणीकडे ती मीठ-मिरची लावून खातात आणि मीही बोटं चाटून खाल्ली आहेत. पण त्या पेरूची इतकी दाट जाळी होते की आबनुसाचं रोप खाली उजेडावाचून मरतं. डुकरं आणि माकडं फळं खाऊन बी पसरवतात, आणि ही दोन्ही जनावरंसुद्धा बाहेरचीच. या पेरूला मेमो देता येत नाही. म्हणून रानाचे लहान लहान तुकडे कुंपण घालून वेगळे केलेत आणि मजूर आत पेरू, परक्या वेली, प्रिव्हेट नावाचं बाहेरून आलेलं झुडूप मुळासकट उपटतात. साताऱ्याकडे ज्याला आपण भांगलण म्हणतो तीच, फक्त जंगलाची. ज्या तुकड्यात ती थांबते, तिथे काही वर्षांत पेरू परत. 1769 चा कायदा असो की 1993 चा, त्याने जमीन वाचली. रान वाचवायला रोजंदारीवरची माणसं लागली, आणि ती कायमची लागणार आहेत.

मुलांना मी शिकवतो, की खलाशांनी डोडो खाऊन संपवला आणि डोडोच्या पोटातून न गेल्यामुळे तंबालाकोकचं बी रुजेना. हे बरोबर ना? (शिक्षक, नाशिक)

पहिलं अर्धंमुर्धं बरोबर, दुसरं सोडून द्या.

डचांची वस्ती कधीच काही शेकड्यांपलीकडे गेली नाही. एवढी माणसं अख्ख्या बेटावरचे पक्षी खाऊन संपवतील कशी? डोडो मारले गेले हे खरं. पण जमिनीवर एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याचा निकाल मुख्यतः जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी लावला. खात्रीची म्हणावी अशी शेवटची नोंद 1662 ची आहे.

तंबालाकोक हे मॉरिशसचं मूळ झाड. त्याची ही गोष्ट 1977 मध्ये स्टॅन्ली टेम्पल या संशोधकाने मांडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फक्त 13 झाडं उरली होती आणि सगळी तीनशे वर्षांपेक्षा जुनी. डोडोऐवजी त्यांनी टर्कीला बिया भरवल्या, त्यातल्या 3 रुजल्या. गोष्ट इतकी गोंडस होती की जगभर पसरली. पुढे त्याहून जास्त आणि कमी वयाची झाडं सापडली, आणि बी पक्ष्याच्या पोटात न जाताही रुजतं हे दिसलं. मुलांना त्याऐवजी इल ओ एग्रेत सांगा. जेमतेम 26 हेक्टरचं हे बेट आहे. मॉरिशसची मूळ महाकासवं कधीच संपली होती, म्हणून इथे 2000 मध्ये अल्दाब्राची कासवं आणून सोडली. ती आबनुसाची फळं खातात आणि विष्ठेतल्या बिया चांगल्या रुजतात. हे मोजून पाहिलेलं आहे.

मॅडम, तिकडे आपल्याकडचे प्राणी-पक्षी आहेत का? मला प्रोजेक्टला हवंय. (इयत्ता नववी, कोल्हापूर)

आहेत, आणि त्यांनी जो धुमाकूळ घातलाय तो वाचून तुला लाज वाटायला नको, कारण स्वतःहून कोणी गेलं नाही. कावळा तेवढा बोटीवर बसून गेला.

साळुंकी 1762 मध्ये भारतातून नेली. टोळधाड उसाचा फडशा पाडत होती आणि साळुंकी टोळ खाते म्हणून. एका देशातून दुसऱ्या देशात कीड मारायला प्राणी नेल्याचं हे जगातलं फार जुनं उदाहरण आहे, प्रोजेक्टमध्ये ठळक लिही. आज तिथे वाक्वाच्या अंगणात सकाळी साताऱ्यासारखीच किलबिल असते. लालगाल्या बुलबुल 1892 मध्ये गेला आणि तणांच्या बिया पसरवू लागला. 1899 मध्ये बेटावर प्लेग पोचला. उंदीर मारायला 1900 मध्ये मुंगूस आणलं, आणि त्याने उंदरांबरोबर पक्षीही खायला सुरुवात केली. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यातून सुटला आणि तिथल्या मूळच्या एको पोपटाच्या ढोल्या बळकावून बसला. दोघं नात्यातलेच.

मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा शिकारी पक्षी, आपल्या खरूचीचा भाऊबंद. 1974 मध्ये रानात त्याचे फक्त 4 पक्षी माहीत होते. रान तुटलेलं, मुंगूस मागे लागलेलं आणि वर हिवतापासाठी फवारलेलं डीडीटी. 1979 मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्समधला तरुण तिथे गेला. तो घरट्यातली अंडी काढून उबवणी यंत्रात उबवायचा, मग मादी पुन्हा अंडी घालायची. पेट्यांची घरटी टांगली, खाऊ पुरवला, मुंगसांना सापळे लावले. आज केस्ट्रेल काही शेकड्यांत आहेत. गुलाबी कबूतर 1990 च्या सुमारास दहाच्या आसपास उरलं होतं, तेही चारशेच्या वर गेलं.

आता एक उलटी गोष्ट. आपण त्यांना मुंगूस दिलं, त्यांच्याकडून आपल्याकडे शंखी गोगलगाय आली. ही मूळची आफ्रिकेची. 1847 मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रजाने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणून बागेत सोडली. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवला सोयाबीनची रोपं कोणी खाल्ली हे तुझ्या घरी कोणी शेतकरी असेल तर विचार.

आमच्याकडे वटवाघळं आंबा, चिकू नासवतात. मॉरिशस सरकारने ती गोळ्या घालून मारली असं वाचलं. मग आम्हालाच का अडवता? (बागायतदार, देवगड)

रागावू नका, पण मला मॉरिशस सरकारचं ते कृत्य चुकीचं वाटतं.

तिथे लिची आणि आंब्याच्या बागा आहेत, आणि परसात एखादं लिचीचं झाड तर घरोघरी. त्यांचं फळवाघूळ जगात मॉरिशस आणि आसपासच्या बेटांवरच राहतं. 2015 मध्ये जुन्या वन्यजीव कायद्याच्या जागी नवा कायदा आला आणि मूळच्या, संरक्षित प्राण्यालासुद्धा मारायची वाट त्यात ठेवली गेली. त्याच वर्षी तीस हजारांहून जास्त वाघळं मारली. पुढेही मोहिमा झाल्या. 2018 मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत त्या प्राण्याची नोंद आणखी धोक्याच्या 'संकटग्रस्त' वर्गात गेली. बागायतदारांचं नुकसान त्यानंतरही चालूच राहिलं, कारण फळं साळुंक्या, बुलबुल आणि माकडंही खातात आणि वाऱ्याने पडतात ती वेगळीच. दोष मात्र रात्री येणाऱ्यावर जातो.

शिवाय डोडो गेला, कासवं गेली. मोठ्या फळांच्या बिया लांब नेणारा तिथे आता हा एवढाच उरलाय. एकीकडे मजूर लावून रान भांगलायचं आणि दुसरीकडे ते रान पेरणाऱ्यालाच मारायचं, हा हिशेब मला तरी कळत नाही. उपाय महाग असला तरी माहीत आहे: झाडाला जाळी. तिथे सरकार त्यावर अनुदान देतं. झाड छाटून आटोपशीर ठेवलं तर जाळी बसते. तुमच्या जुन्या हापूसच्या झाडांवर ती बसणार नाही, हे मान्य. पण नवी लागवड घन पद्धतीने करत असाल तर आत्ताच विचार करा. आणि कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडेही 2022 च्या दुरुस्तीपर्यंत फळवाघळं 'उपद्रवी' यादीतच होती. आता ती यादीच गेली.

डिसेंबरात आम्ही दोघं मॉरिशसला जातोय. हॉटेलवाले किनाऱ्यावर फिरू देतात का? आणि त्या तेलगळतीनंतर पाणी स्वच्छ आहे का? (वाचक, ठाणे)

फिरा खुशाल. भरतीच्या रेषेपासून आत 81.21 मीटरची पट्टी सरकारी मालकीची असते. हा आकडा फ्रेंच काळातल्या 50 पावलांचा आहे. हॉटेलं आणि बंगले त्यावर भाडेपट्ट्याने उभे आहेत, पण वाळूचा किनारा सर्वांचा. कोणी हटकलं तर हसून पुढे चला. शंखशिंपले, पोवळं उचलून बॅगेत घालू नका. प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथे 2016 पासून बंद आहेत आणि 2021 पासून नियम आणखी कडक झालेत, तेव्हा घरून कापडी न्या. खाजणातली वाळू उपसायला 2001 पासून बंदी आहे. घरं आता काळा दगड दळून केलेल्या वाळूत बांधतात.

तेलगळतीची गोष्ट आग्नेय किनाऱ्याची. 25 जुलै 2020 रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचं मालवाहू जहाज प्वँत देस्नीजवळ प्रवाळावर चढलं, आणि 6 ऑगस्टपासून सुमारे हजार टन तेल बाहेर आलं. ब्लू बे सागरी उद्यान आणि वर सांगितलेलं इल ओ एग्रेत तिथून जवळच. लोक सरकारी यंत्रणेची वाट पाहत बसले नाहीत. फडातलं उसाचं पाचट आणून कापडात भरलं, लांबच लांब लोळ शिवले, रिकाम्या बाटल्या बांधून ते तरते केले आणि तेलाच्या आडवे टाकले. माझ्या बहिणीच्या गल्लीतल्या बायकांनी शिलाई मशीनवर दोन-दोन पदरी शिवण घालून दिली.

पाणी आता निळं दिसतं, पोहायला हरकत नाही. खारफुटीच्या मुळांत आणि गाळात गेलेलं तेल लवकर निघत नाही, त्यामुळे तिवरांच्या बाजूला उगाच चिखलात उतरू नका. इल ओ एग्रेतला मात्र जरूर जा. बोट माएबूरजवळून सुटते आणि आत वाटाड्याबरोबरच फिरू देतात. जागा आधी राखून ठेवा, डिसेंबरात गर्दी असते.