सोनपाठी सुतारपक्षी ओळखताना

अरे, वहीत नुसतं ‘सोनपाठी’ लिहून पान उलटू नकोस. पाठ सगळ्यांचीच सोनेरी. गावातल्या नारळावर येतो त्याची कंबर काळी, गळाही काळा, वर पांढरे ठिपके. आंबोलीच्या जंगलातला मोठा सोनपाठी उडाला की कंबर लाल दिसते. पण लाल कंबरेचा आणखी एक आहे, म्हणून खरी खूण चेहऱ्यावर बघ: मोठ्याच्या गालाखाली दोन काळ्या मिशा, मध्ये पांढरा लांबट डाग, दुसऱ्याला मिशी एकच. मोठ्याचा डोळाही फिकट. मोठ्याच्या मादीचा तुरा लाल नसतो, काळ्यावर पांढरे ठिपके. मी तिला वर्षभर वेगळीच जात समजत होतो! पक्षी खोडामागे सरकला तर मागे धावू नकोस, जागीच थांब. बहुतेकदा थोडा वर चढून पुन्हा डोकावतो.