ट्रेलरवरच्या बोटीची मैलाटाकी घरी रिकामी करता येईल का? कुठला पंप घ्यावा?

करता येते, मी करतो. पण तुम्ही सुरुवात पंपापासून केलीत. मी म्हणेन, आधी घराच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. मैला जाणार कुठे हे ठरलं, की पंपाचं ठरवायला पाच मिनिटं पुरतात.

तो संडासाच्या लाइनीतच गेला पाहिजे. पावसाळी गटारात नाही, कारण तिथलं पाणी बहुतेक वेळा कुठलीही प्रक्रिया न होता सरळ नदीत किंवा समुद्रात जातं. तिथेच सोडायचं तर बोटीत टाकी तरी कशाला बसवली? चेंबर नेमकं कुठलं हे कळत नसेल, तर कुणाला तरी घरात फ्लश करायला सांगा आणि पाणी येतंय का बघा. बोटीचा मैला घरच्या लाइनीत सोडायला तुमच्या भागात परवानगी आहे का, हेही आधी विचारून घ्या.

घराला सेप्टिक टँक असेल तर प्रमाणाची काळजी नको. 6 लिटरचा फ्लश धरला तर 60 लिटरची टाकी म्हणजे दहा फ्लश. खरी अडचण वास घालवण्यासाठी टाकीत घातलेल्या औषधाची. ते फॉर्मल्डिहाइडचं असेल तर सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात, आणि मैला कुजवायचं काम तेच करतात. बोटीचा संडास समुद्राच्या पाण्यावर चालत असेल तर ते मीठही त्यांना मानवत नाही. अशा वेळी मी घरी आणण्याच्या फंदात न पडता धक्क्यावरच्या उपसा केंद्रात टाकी रिकामी करून घेईन.

आता पंप. बोट ट्रेलरवर उंच असते, म्हणून वाटतं की सगळं आपोआप खाली येईल. पण बऱ्याच बोटींच्या टाकीला तळाशी तोटी नसते, वरून आत सोडलेल्या नळीतून मैला ओढून घ्यावा लागतो. 12 व्होल्टवर चालणारा मॅसरेटर पंप कागद-बिगद सगळं दळून बारीक नळीतूनही पाठवतो, पण कोरडा चालला तर त्याचं इम्पेलर, म्हणजे आत फिरणारं रबरी पातं, बघता बघता जळतं. मी साधा डायफ्रॅमचा, म्हणजे लवचीक पडद्याने ओढणारा, हातपंप वापरतो. हात भरून येतात, पण तो कोरडा चालला तरी बिघडत नाही. शिवाय एकदा धार लागली आणि पाइपाचं तोंड टाकीपेक्षा खाली असलं, की पुढचं काम उतारच करतो. ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर मात्र अजिबात नको. मैल्यातून मिथेन निघतो, मोटरीत ठिणगी उडते, आणि मागच्या हवेबरोबर तुषार उडतात ते वेगळेच.

टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याचा मार्ग, आधी तपासा. पहिल्या वेळी मी तो बघितलाच नव्हता. कुंभारमाशीने त्यात मातीचं घर केलं होतं. मी जोरात पंप मारत राहिलो, आत हवा जाईना, आणि प्लास्टिकची टाकी पोट खपाटीला गेल्यासारखी आत ओढली गेली. फुटली नाही हे नशीब. धुताना याच्या उलट होतं: नळाचा पाइप टाकीच्या तोंडात घट्ट बसवून पाणी सोडलं, तर दाबाने टाकी फुगून फाटू शकते. पाइप सैल धरा, आणि तो धुण्यासाठीच वेगळा ठेवा, पिण्याचं पाणी भरायला पुन्हा वापरू नका.

टाकीत ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी ते मिसळलं की छातीत जाळ करणारा वायू होतो. हातमोजे आणि चष्मा हवेतच. सडक्या अंड्यासारखा वास आला तर मोकळ्या हवेत सरका. तो हायड्रोजन सल्फाइड असतो. त्याचं प्रमाण खूप वाढलं की नाकाला वास येणंच थांबतं, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका टळला असं समजू नका.

पंप थांबल्यावर लगेच पाइप सोडू नका. 38 मिलिमीटर व्यासाच्या पाच मीटर पाइपात साडेपाच लिटरहून जास्त मैला अडकून असतो. बोटीकडचं टोक सोडवून आधी वर उचला आणि पाइप हळूहळू उचलत चेंबरच्या दिशेने चालत जा, म्हणजे तो अंगणात सांडत नाही.