आधी ते पडदे उघड

‘ताई, ऑक्टोबरात पडदे ओढते ते एप्रिलमध्येच उघडते. बर्फ बघवत नाही. सारखी झोप येते, उगाच रडू येतं.’ अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, अप्पर पेनिन्सुलात, होटन गावाच्या पलीकडच्या खेड्यातून आलेलं हे पत्र.

अगं बाई, पडदे कसले ओढतेस? आधीच तुमच्याकडे डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो. त्या चिमूटभर उजेडालाही दार लावलंस तर झोप येणार नाही तर काय! लेक सुपीरियरवरून येणारा बर्फ काही तुझ्यावर रागावून पडत नाही. तुमच्या किविनॉ द्वीपकल्पात १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडला होता, म्हणजे साडेबत्तीस फूट. तेव्हाही माणसं दूध आणायला बाहेर पडतच होती. कोकणात चार महिने पाऊस म्हणून कोणी घरात कोंडून घेतं का?

आमच्या पहिल्या हिवाळ्यात मीही अशीच उशीत तोंड खुपसून असायची. नेमकी रत्नागिरीहून आई आली. सहावारीच्या आत लोकरीचा पायजमा, वर ह्यांचं जाकीट, डोक्याला मफलर, आणि रोज दुपारी एकला पोस्टाच्या पेटीपर्यंत फेरी. पेटी रस्त्याच्या कडेला, घरापासून दोनशे पावलं. पत्र असो नसो, ती जायचीच. पंधरा दिवसांत शेजारच्या फिनिश आजीबाईंनी तिला सौनाला, म्हणजे त्यांच्या गरम वाफेच्या खोलीत, बोलावलं. परत आली ती लालबुंद होऊन. ‘अगं, हे तर आपलं न्हाणीघर, नुसता बंब तेवढा नाही!’ मी तिथे चार महिने राहून त्या बाईंचं नावही विचारलं नव्हतं.

तर तूही दुपारी एक वाजताच नीघ. तुमच्याकडे सूर्य माथ्यावर येतो तोच मुळी एकच्या सुमाराला. ढग असले तरी नीघ, घरातल्या दिव्यापेक्षा तो उजेड कितीतरी जास्त. आत लोकर घाल, जीन्स नको, ती भिजली की पाय गारठतात. जाड मोजे मावतील असे एक नंबर मोठे बूट घे, त्यांना घसरू नये म्हणून खिळ्यांचे पट्टे लाव. ड जीवनसत्त्व मात्र त्या उन्हातून मिळणार नाही, हिवाळ्यात तिथे सूर्य फार खाली असतो. गोळीचं डॉक्टरांना विचार, आणि रडू येतं तेही त्यांना सांग. त्यात लाज कसली?

इडलीचं पीठ फुगत नाही म्हणतेस. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून रात्रभर ठेव. मुलगा मराठीत उत्तर देत नाही? त्यालाही एक वाजता बरोबर ने, हातमोजे शोधताना भांडण मराठीतच होईल. बर्फ उडवायचं ते यंत्र, स्नोब्लोअर, नवऱ्याला घेऊ दे.

एप्रिलमधला चिखल आणि जूनमधल्या काळ्या माश्या यांबद्दल मात्र तू अवाक्षर काढलेलं नाहीस. पडदे एप्रिलमध्ये उघडतात यावर माझा काही विश्वास नाही.